शिशाच्या दारामागे काय होतं?

(हा आपल्या एपिसोडचा लेखी मजकूर आहे. बोलताना आलेले ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मागे भुंकणारं कुत्रं काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच.)

आजचा एपिसोड एका व्हॉट्सॲप फोटोवरून सुरू झाला.

खामगावला आमच्या घरामागच्या गल्लीत एक काका राहतात. त्यांचं भंगाराचं दुकान आहे. मी लहान असताना रद्दी, बाटल्या, सायकलची रिम, सगळं त्यांच्याच काट्यावर जायचं. आता मी पुण्यात कोड लिहितो, पण गावाकडे इंजिनिअर म्हटलं की याला फ्रिजपासून किडनीपर्यंत सगळं कळतं असं लोक धरून चालतात. तर काकांनी रात्री साडेनऊला फोटो पाठवला. एक मोठं लाकडी दार, एका कडेने प्लाय उचकटलेला, आणि आत करडा, मऊसर पत्रा. शेजारी दोन जाड ॲप्रन, घडी करून ठेवलेले. मागोमाग व्हॉइस नोट:

“बाबू, जिल्ह्यातलंच एक जुनं एक्स-रे सेंटर बंद झालं. त्याचा माल आहे. शिसं हाय म्हनतात. पन पोरगं म्हनते त्याच्यातून किरनं निंघतात. घेऊ का नोको?”

मला उत्तर माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. बीटेकला फिजिक्सचा एक पेपर होता, तो कसा सुटला ते मलाच माहीत. म्हणून मी वाचायला बसलो, आणि वाचता वाचता कळलं की काकांच्या एका प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. एक म्हणजे या शिशात किरणं आहेत का? आणि दुसरा, किरणं नसली तरी शिसं स्वतः काय करतं? लोक पहिल्याला घाबरतात, दुसरा विसरतात. काही ठिकाणी तर पहिल्याला घाबरायला हवं होतं तिथेही कुणी घाबरलं नाही. तिथे माणसं मेली.

आधी शिसं तिथे असतं कशाला?

शिसं जड असतं हे सगळ्यांना माहीत आहे. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, तेवढ्याच जागेत शिसं ठेवलं तर ११ किलोच्या वर. त्याच्या अणूत ८२ इलेक्ट्रॉन, म्हणजे एक्स-रेच्या वाटेत दाटीवाटीने उभी गर्दी. एक्स-रे त्यात शिरतो आणि बहुतेक तिथेच संपतो.

दवाखान्यातल्या नेहमीच्या एक्स-रेचे निम्मे किरण अडवायला साधारण पाव मिलिमीटर शिसं पुरतं. म्हणून एक्स-रे खोलीच्या दारात दीड-दोन मिलिमीटरचा पत्रा बसवतात. भिंत नऊ इंची विटांची असेल तर तीच पुरेसं काम करते, दाराला मात्र शिसं लागतं. सात फूट बाय चार फुटाच्या दारात दोन मिलिमीटरचा पत्रा धरा, वजन होतं साठेक किलो. शिशाचा भाव किलोला शंभर रुपयांच्या वर आहे. म्हणजे एक दार सहा हजारांच्या पुढे. काका फोटो काढून विचारत बसले याचंच मला कौतुक वाटलं.

शिसं किरणं ‘पितं’ का?

हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं, वीस वर्षं त्या दाराने किरणं खाल्ली, म्हणजे ती आत साठली असणार. स्पंजात पाणी साठतं तशी.

तसं होत नाही. खोलीत दिवा लागला तर भिंत उजळते. दिवा विझवला की भिंत अंधारात चमकत बसत नाही. एक्स-रेचंही तेच. एक्स-रे मशीनमध्ये किरणोत्सर्गी पदार्थ नसतोच, विजेच्या जोरावर ट्यूबमध्ये किरण तयार होतात. प्लग काढला, विषय संपला. दवाखान्याचं एक्स-रे मशीन, सीटी स्कॅन, डेंटिस्टकडचं छोटं मशीन, सगळ्यांना हेच लागू. त्यांच्या दारातलं शिसं काढताना ते बसवताना होतं तितकंच साधं शिसं असतं.

म्हणजे काकांच्या पोराची भीती या दारापुरती चूक होती. पण लगेच अंगठा दाखवून मोकळं होऊ नका. कारण सगळं शिसं एक्स-रे खोलीतून येत नाही.

दुसरा प्रकार: जिथे बटण नसतं

कॅन्सरच्या किरणोपचारासाठी आपल्याकडची माणसं अकोला, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला जातात. अशा उपचारासाठी कोबाल्ट-६० वापरणारी मशीन देशात कित्येक वर्षं चालली, अजूनही काही चालतात. त्यांच्या डोक्यात अंगठ्याएवढ्या जाडीची एक धातूची डबी असते आणि तिच्याभोवती शेकडो किलो शिसं. लासलगावला कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून जो प्रकल्प आहे, तिथेही कोबाल्टच, आणि ते आणतात शिशाच्या अवजड पेटीतून. कॉलेजांच्या, विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत, रक्तपेढ्यांच्या काही यंत्रांत असेच स्रोत असतात.

इथे फरक काय? बटण नाही. कोबाल्ट वीज गेली तरी किरण सोडतो, मशीन बिघडलं तरी सोडतो, कंपनी बुडाली तरी सोडतो. दर ५.२७ वर्षांनी तो निम्मा होतो, बस. आणि त्याचे किरण इतके भेदक की निम्मे अडवायला १२ मिलिमीटर शिसं लागतं. काकांच्या फोटोतलं दार कोबाल्टसमोर उभं केलं तर दहातले जवळपास नऊ किरण आरपार जातील. म्हणून अशा यंत्रात शिसं पत्र्यासारखं नसतं, जाड ठोकळ्यासारखं असतं.

आणि भंगाराच्या बाजारात ठोकळ्याला पत्र्यापेक्षा जास्त मान असतो. सगळी गडबड इथे आहे.

मायापुरी, २०१०

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात एक गॅमा यंत्र होतं. १९६८ साली कॅनडातून आणलेलं. १९८५ नंतर कुणी वापरलं नाही. एका खोलीत पडून. वापरणारे प्राध्यापक निवृत्त झाले, आणि यंत्राची ओळख कागदावर फक्त ‘जुनी वस्तू’ एवढीच उरली. फेब्रुवारी २०१० मध्ये त्याचा लिलाव झाला. पश्चिम दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगार बाजारातल्या एका व्यापाऱ्याने ते घेतलं.

कामगारांनी ते कापलं. त्यांना शिसं हवं होतं. शिसं सोलून निघालं आणि आत जे इतकी वर्षं कोंडलेलं होतं ते उघडं पडलं. कोबाल्टच्या कांड्या. तुकडे एका दुकानातून दुसऱ्या दुकानात गेले. एकाने चमकदार तुकडा पाकिटात ठेवला. एप्रिलमध्ये माणसं दवाखान्यात यायला लागली: उलट्या, कातडी काळी पडलेली, केस गळलेले. एका कामगाराचा मृत्यू झाला.

आता गणित करा. १९६८ ते २०१० म्हणजे ४२ वर्षं. भागिले ५.२७, म्हणजे आठ वेळा निम्मं. दोनाचा आठवा घात २५६. यंत्र आलं तेव्हाच्या ताकदीचा २५६ वा भाग उरला होता. तेवढा एक माणूस मारायला पुरला.

ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात १९८७ साली याहून वाईट झालं होतं. उपचार केंद्र दुसरीकडे हललं, जुनं मशीन ओसाड इमारतीत तसंच राहिलं. दोन जणांनी भंगारासाठी त्याच्या डोक्यातला भाग काढला आणि भंगारवाल्याला विकला. आतली सीझियमची पूड अंधारात निळी चमकायची. लोकांनी ती घरी नेली, नातेवाइकांना वाटली, एका लहान मुलीने अंगाला लावली. चौघांचा जीव गेला, त्यात ती सहा वर्षांची मुलगीही होती. एक लाखाच्या वर लोकांची स्टेडियममध्ये तपासणी करावी लागली.

आणि हे लांबचं वाटत असेल तर महाराष्ट्राची गोष्ट ऐका. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडला. बटणं जोडणाऱ्या वीसेक कामगारांना सामान्य माणसासाठी ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त डोस मिळाला. त्या पोलादाचा माग काढत काढत लोक आले आपल्या खोपोलीच्या एका भट्टीपर्यंत. भंगारात कुठेतरी एक स्रोत आला होता, कुणाला दिसला नाही, आणि वितळून पोलादात मिसळला. तो कुणी टाकला हे भट्टीतून बाहेर पडल्यावर कोण सांगणार?

या तिन्ही गोष्टींत गुन्हेगार शिसं नाही. शिसं शेवटपर्यंत आपलं काम करत होतं, लोकांनीच त्याला कामावरून काढलं. म्हणून मला यातून कळलेली गोष्ट एका वाक्यात सांगतो: शिसं घेताना ‘हे काय आहे’ असं विचारू नका, ‘हे कशाची राखण करत होतं, आणि ते आता कुठे आहे’ असं विचारा.

मधला प्रकार

आणखी एक प्रकार आहे, जो दोन्हींच्या मधे बसतो. न्यूक्लिअर मेडिसिन विभागात रुग्णाला किरणोत्सर्गी औषध देतात. थायरॉइडसाठी आयोडीन-१३१, हाडांच्या स्कॅनसाठी टेक्निशियम. ही औषधं शिशाच्या जाड डब्यांत येतात आणि शिशाच्या विटांमागे हाताळतात. इथे शिसं आतून ठीक असतं, पण वर थेंब सांडलेला असू शकतो.

सुदैवाने ही औषधं लवकर विझतात. टेक्निशियम दर सहा तासांनी निम्मं होतं, आयोडीन आठ दिवसांनी. नियम सोपा आहे: दहा वेळा निम्मं होऊ द्या. दोनाचा दहावा घात किती? १०२४. आपल्या कोडवाल्यांचा पाठ असलेला आकडा! हजारावा भाग उरतो. आयोडीनसाठी ऐंशी दिवस. मग त्या विभागाचे रेडिएशन सेफ्टी ऑफिसर मीटर फिरवतात, पुसून नमुना घेतात, आणि साफ असेल तरच तो डबा साधं शिसं म्हणून बाहेर जातो. अणुभट्टी किंवा सायक्लोट्रॉनजवळचं शिसं वेगळं. तिथे न्यूट्रॉन असतात आणि न्यूट्रॉनमुळे धातू स्वतःच किरणोत्सर्गी होऊ शकतो. ते तपासल्याशिवाय हलवतच नाहीत.

आता दुसरा प्रश्न, जो सगळे विसरतात

समजा, दार एक्स-रे खोलीचंच आहे. किरणं शून्य. मग काकांनी ते अंगणात वितळवलं तर?

शिसं ३२७ अंशांना वितळतं. त्याला मोठी भट्टी लागत नाही. लोखंडी कढई आणि लाकडं पुरतात, आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे. वितळताना धूर निघतो, वर मळी जमते, ती बारीक पूड होऊन मातीत, कपड्यांवर, हातावर बसते. काकांची नातवंडं त्याच अंगणात खेळतात.

शरीराला शिसं कॅल्शियमसारखं वाटतं. गोंधळून ते त्याला हाडांत जागा देतं आणि ते तिथे कित्येक वर्षं राहतं. मोठ्या माणसाला पोटदुखी, अशक्तपणा, रक्तदाब, किडनीचा त्रास. लहान मुलांच्या मात्र मेंदूवर परिणाम होतो. मूल आजारी दिसत नाही, फक्त शाळेत मागे पडतं, चिडचिड करतं. घरच्यांना वाटतं पोरगं ढ आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, शिशाची सुरक्षित अशी कोणतीच पातळी माहीत नाही. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार भारतात सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिसं चिंतेच्या पातळीच्या वर आहे. सेनेगलमधल्या डकारजवळ एका वस्तीत बॅटऱ्यांचं शिसं घराजवळ वितळवत आणि ती माती चाळत. २००७-०८ मध्ये तिथे १८ मुलं गेली. तिथे किरणं अजिबात नव्हती. नुसतं शिसं.

लेड ॲप्रनचंही ऐका. त्यात पत्रा नसतो, रबरात किंवा प्लॅस्टिकमध्ये शिशाची पूड मिसळलेली असते. ते जाळून शिसं काढायचा विचार केला तर शिशाचा धूर वेगळा आणि प्लॅस्टिकचा वेगळा. फाटका ॲप्रन पायपुसणं म्हणून टाकू नका, गाडीवर झाकू नका. भेगा पडल्या की पूड झडते.

मग टाकायचं कुठे?

टाकायचं नाहीच, ही त्यातली छान बाजू आहे. शिसं वितळवून पुन्हा वापरता येतं, कितीही वेळा. दाराचं शिसं बॅटरीत जाईल, बॅटरीचं पुन्हा दारात. इटलीतल्या शास्त्रज्ञांनी तर एका संवेदनशील प्रयोगाच्या भोवती लावायला समुद्रात बुडालेल्या रोमन जहाजातलं दोन हजार वर्षं जुनं शिसं वापरलंय, कारण खाणीतून निघालेल्या नव्या शिशात थोडी नैसर्गिक किरणोत्सर्गी भेसळ असते आणि जुन्यात ती विझून गेलेली. म्हणजे शिशाला म्हातारपण नसतं.

रस्ता असा आहे.

एक्स-रे सेंटर बंद होत असेल तर मालकाने आधी एईआरबीला, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवायचं. त्यांचं ऑफिस मुंबईत अणुशक्तीनगरला आहे, पण जायची गरज नाही. ई-लोरा नावाचं पोर्टल आहे, तिथे मशीन डीकमिशन केल्याची नोंद होते. ट्यूब पुन्हा वापरता येणार नाही अशी निकामी करायची. मग उरलेलं दार, पत्रा, ॲप्रन म्हणजे घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतलं शिशाचं भंगार. ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या रिसायकलरलाच द्यायचं, आणि पावती घ्यायची. त्याही आधी एक सोपा पर्याय: दुसरं एक्स-रे सेंटर उघडत असेल तर पत्रा जसाच्या तसा तिथे द्या. वितळवायचीही गरज नाही.

स्रोत असलेलं यंत्र असेल तर भंगाराचा रस्ताच बंद. आधी स्रोत बाहेर निघतो. तो ज्यांनी पुरवला त्यांच्याकडे किंवा भाभा अणु संशोधन केंद्राच्या व्यवस्थेत परत जातो, एईआरबीच्या परवानगीने. त्याचा कागद हातात आल्यावर मगच शिशाचा विचार.

आपल्यापैकी कुणी सरकारी दवाखान्यात, कॉलेजच्या लॅबमध्ये क्लार्क म्हणून, लॅब असिस्टंट म्हणून काम करत असेल, तर तुमच्याशी खास बोलायचंय. तुमच्याकडे निर्लेखनाची यादी येते. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये एक ओळ असते: ‘जुने यंत्र, नादुरुस्त, १ नग.’ मायापुरीची गोष्ट अशाच एका ओळीपासून सुरू झाली. सही करण्याआधी विचारा की हे यंत्र काय करायचं? जुन्या सरांना एक फोन लावा. दहा मिनिटं जातील.

फोनमध्ये सेव्ह करून ठेवा

एक: तीन पाती असलेलं पंख्यासारखं चिन्ह, बहुतेकदा पिवळ्यावर काळं. ते दिसलं की हात लावायचा नाही. २००७ पासून त्याच्या जोडीला लाल त्रिकोणाचं एक चिन्ह आलंय: वर किरणं, खाली कवटी आणि पळणारा माणूस. ते मुद्दाम अशा माणसासाठी बनवलंय ज्याला पहिल्या चिन्हाचा अर्थ माहीत नाही.

दोन: चिन्ह झिजलेलं, खरवडलेलं असू शकतं. म्हणून वजन बघा. आकाराच्या मानाने भलताच जड, गोल किंवा डब्यासारखा, सगळीकडून बंद ठोकळा असेल तर कापायचा नाही, फोडायचा नाही, गरम करायचा नाही.

तीन: शंका आली तर लांब व्हा. अंतर दुप्पट केलं की डोस चौथाई होतो. हे सगळ्यात स्वस्त शिल्डिंग. लोकांना मागे घ्या, ११२ लावा, ‘किरणोत्सर्गी वस्तू असू शकते’ हे शब्द स्पष्ट सांगा. फोटो काढायला जवळ जाऊ नका. रीलसाठी तर अजिबातच नको.

काकांचं काय झालं?

दुसऱ्या दिवशी मी त्यांना हे सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “म्हंजे किरनं नाहीत.”

म्हटलं, “नाहीत काका.”

“पन मी घेऊ नये.”

“तुमच्याकडे परवानगी नाहीये ना.”

“मंग मी खावं काय, बाबू?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि अजूनही नाही. नियम बरोबर आहे. पण या देशात भंगारातून धातू परत आणायचं काम खरं तर काकांसारखी माणसंच करतात, आणि परवाना, भट्टी, धूर गाळायची यंत्रणा हे त्यांच्या आवाक्यातलं नाही. त्यांना बाजूला सारून मोठ्या कारखान्याला माल दिला की पर्यावरण वाचतं, पण काकांच्या गल्ल्यातले सहा हजार जातात. हेही सांगायला हवं म्हणून सांगतोय.

त्यांनी तो माल परत पाठवला. डॉक्टर आधी वैतागले, मग त्यांच्या मुलाने पोर्टलवर नोंद केली आणि मंडळाच्या यादीतला रिसायकलर शोधला. काका आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. मग परवा पुन्हा एक फोटो आला. या वेळी जुन्या ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांचा ढीग. खाली लिहिलं होतं: “ह्या फोडू का नोको?”

मी लिहिलं, नका फोडू. अख्ख्याच द्या.

दोन निळ्या टिका आल्या. उत्तर नाही आलं. पण विचारलं तरी!

तुमच्या गल्लीतही असे एक काका असतील. हा एपिसोड त्यांना ऐकवा. लिंक पाठवू नका, ते उघडणार नाहीत. शेजारी बसून फोन स्पीकरवर लावा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.